फ्रिजवरचा कप

आमच्या दादाला कुठल्याही गोष्टीत ती कशी मोडेल हेच आधी दिसतं. त्याची नोकरीच तशी आहे. इमारतींमधल्या लिफ्ट तपासायच्या आणि कागदावर ‘चालू द्या’ किंवा ‘बंद करा’ असा शेरा मारायचा. घरात नवी खुर्ची आली तरी आधी तो तिच्यावर आडवातिडवा बसून बघतो, मग बाकीच्यांना बसायला मिळतं. त्यामुळे मला आता वेगळं राहायला जायचंय, असं मी सांगितलं तेव्हा तो रागावला नाही की रडला नाही. त्याने एवढंच विचारलं, “सकाळच्या कॉफीचं काय करणार?”

ऐकणाऱ्याला हसू येईल, पण त्याने दुखऱ्या जागेवर बरोबर बोट ठेवलं होतं. मला दिसत नाही. सातव्या वर्षी दिसायचं थांबलं आणि आता मी सेहेचाळीस वर्षांची आहे, तेव्हा त्याचं कौतुक मला उरलेलं नाही आणि कोणी करूही नये. आठ माणसं एकदम बोलतात अशा मीटिंगांची रेकॉर्डिंगं ऐकून मी ती टाइप करते. नुसत्या खाकरण्यावरून माणूस ओळखते. रस्ता, जिना, बँक, कपडे, सगळं माझं मी करते. दुपारचं आणि रात्रीचं जेवण ऑफिसच्या कॅन्टीनमधून आणता आलं असतं. पण सकाळी कॉफी पोटात गेल्याशिवाय मी माणसात येत नाही, आणि उकळत्या पाण्याजवळ मला या घरात कोणी फिरकू दिलेलं नव्हतं.

त्यालाही कारण घडलं होतं. वहिनी लग्न होऊन घरात आली त्याला जेमतेम आठ दिवस झाले होते. तिने सगळ्यांची कॉफी टेबलावर आणून ठेवली. मी ऑफिसातला काहीतरी किस्सा सांगत होते, आणि मी बोलते ती हात उडवत. माझा हात तिच्या कपाला लागला आणि उकळती कॉफी माझ्या मनगटावर सांडली. दादा धावत आला आणि ओरडला, पण माझ्यावर नाही. वहिनीवर. “गरम कप असा मध्ये ठेवतात का?” ती एक शब्द बोलली नाही. मीही बोलले नाही. मनगटावर तेवढा भाग अजून गुळगुळीत लागतो. याला एकोणीस वर्षं झाली.

तेव्हापासून कॉफी वहिनीने करायची आणि माझ्यासमोर ठेवताना म्हणायचं, “चारवर ठेवलाय.” म्हणजे घड्याळात चार असतात त्या दिशेला कपाचा कान. मी हात पुढे केला की कान बरोबर बोटांत यायचा. एकोणीस वर्षांत एकदाही तो पाचवर गेला नाही. मला वाटायचं, कप ठेवतात तो असाच ठेवतात.

ऑफिसातली एक बाई गाव सोडून चालली होती. तिच्या दोन खोल्या रिकाम्या होणार होत्या. ऑफिसपासून सात मिनिटांवर, मध्ये एकही रस्ता ओलांडायचा नाही. घरमालकिणीला महिनाअखेरीला हो की नाही ते सांगायचं होतं.

“इथे काही कमी पडतंय का?” वहिनीने विचारलं.

“कमी पडत नाही, जास्तच होतंय,” मी म्हटलं. “एकदा तरी माझ्या दाराला मी कुलूप लावावं आणि आत कोणी नसावं, एवढंच मला हवंय.”

तिने हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं. मग म्हणाली, “मग कॉफीचं यंत्र घेऊ या. पाणी आपोआप तापतं आणि थेंब थेंब खाली उतरतं. गॅसचं काम नाही.”

दादाने अट घातली. महिनाअखेरपर्यंत रोज सकाळी घरातल्या सगळ्यांची कॉफी मी करायची. सलग पंधरा दिवस कोणाला भाजलं नाही आणि काही सांडलं नाही, तर तो स्वतः माझं सामान उचलून नेणार. नाहीतर तो विषय पुन्हा काढायचा नाही. मी हो म्हटलं. रागाच्या भरात मी कशालाही हो म्हणते.

दुकानात आम्ही दोघी गेलो. दुकानदाराने वहिनीला विचारलं, “यांना काय दाखवू?”

“त्यांनाच विचारा,” वहिनी म्हणाली. “मी पिशवी धरायला आलेय.”

पहिलं यंत्र त्याने कौतुकाने पुढे केलं. पुढून सगळी गुळगुळीत काच. मी वरपासून खालपर्यंत हात फिरवला.

“बटण कुठे आहे?”

“बटणच नाही, मॅडम. नुसता स्पर्श करायचा.”

“मघापासून दुसरं काय करतेय मी?”

ते यंत्र म्हणे घराबाहेरून फोनवरूनही चालू होत होतं. फोनवरून कप भरता येतो का, असं मी विचारल्यावर त्याने ते मुकाट्याने बाजूला ठेवलं.

दुसऱ्याला काचेचा जग होता आणि त्याखाली तापणारी तबकडी. कॉफी तासभर गरम राहते, असं तो म्हणाला. अर्ध्या तासानंतर चव कशी लागते, असं वहिनीने विचारलं, तेव्हा जरा कडवट होते हे त्याने कबूल केलं. मला चवीपेक्षा त्या तबकडीचीच धास्ती वाटली. दूध उतू जायच्या आधी सळसळतं, किटली शिट्टी मारते. ही बया मात्र तापून नुसती गप्प बसणार. आतल्या आत तापणाऱ्या माणसांवरही माझा विश्वास नाही.

तिसऱ्याचा जग स्टीलचा होता, थर्मासासारखा. यंत्राला एकच खटका, खाली दाबला की चालू, काम झालं की आपोआप वर येऊन बंद. कॉफीची पूड घालायची टोपली पुढे ओढून काढता येत होती आणि पाणी ओतायचं तोंड चांगलं रुंद होतं. पाणी किती भरलं ते बघायला बाजूला एक खिडकी होती. ती मला काय कामाची! पण पाणी कपाने मोजून ओतलं तर खिडकीत डोकावतंय कोण?

“आता चालवून दाखवा,” मी म्हटलं.

“इथे?”

“गाडी घेताना चालवून बघतात ना? मला हे ऐकून बघायचंय.”

माणूस भला होता. त्याने आतून पाणी आणलं आणि दुकानात दुसरी गिऱ्हाइकं असताना आम्ही तिघं त्या यंत्राभोवती कान देऊन उभे राहिलो. आधी ते गुणगुणलं. मग तळाच्या स्टीलवर थेंब वाजले, मग धार लागली आणि जग भरत गेला तसा आवाज बारीक होत गेला. शेवटी भाषण संपवून घसा साफ करावा तसं ते खरखरलं आणि खटका टक्कन वर आला.

“हे बोलतं,” मी म्हटलं. “हेच द्या.”

वहिनीने दुकानदाराला एकच प्रश्न विचारला. “जग बाहेरून तापत नाही ना? भरलेला असला तरी? कोणाचा हात लागला तरी?”

“नाही, बाई. बिनधास्त हात लावा.”

ती मोकळा श्वास सोडते ते मी ऐकलं. मला वाटलं, माझ्या नव्या घराची काळजी मिटली म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून परीक्षा सुरू झाली. कागदी गाळण्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, फुंकर मारून त्यातली एक सोडवायची. चार कप पाणी, चार चमचे पूड. जगाचं झाकण फिरवून लावायचं, जग आत सरकवायचा, खटका दाबायचा. कॉफी झाली की कपात ओतायची. कप भरत आला की ओतण्याचा सूर चढतो, तिथे थांबायचं. पहिल्याच दिवशी सगळं निर्विघ्न पार पडलं. दादाने फुर्रर्र करून लांबलचक घोट घेतला आणि त्याच्या नेहमीच्या पद्धतीने “हाऽ” केलं. माझी भाची, म्हणजे दादाची सोळा वर्षांची लेक, दोन छोटे घोट घेऊन म्हणाली, “आत्या, आईपेक्षा भारी.” दादाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने बरोबरची खूण केली.

अशा दहा खुणा झाल्या. मी तर हवेतच होते. कामाला सुरुवात केली की वहिनी माझ्या डाव्या हाताला येऊन उभी राहायची, मध्ये काही बोलायची नाही. शेवटी मी तिच्याही हातात कप द्यायची आणि चिडवायची, “घे, मांजरी.” हे तिचं माझ्याकडचं नाव. मला गरम सोसत नाही, कोमटच बरी लागते, असं ती वर्षानुवर्षं सांगत आली होती. मांजराला गरम चालत नाही, म्हणून मांजर. पाहुण्यांसमोरही मी तिला याच नावाने हाक मारत असे, आणि ती सगळ्यांबरोबर हसत असे.

अकराव्या दिवशी वहिनी तिच्या बहिणीकडे गेली, दोन दिवसांसाठी. मी नेहमीसारखं सगळं केलं आणि खटका दाबला. यंत्र गुणगुणलं, पण स्टीलवर थेंब काही वाजेनात. कान देऊन थांबले. मग वाजले ते थेट फरशीवर, पटापटा. मी खटका वर ओढला आणि मागे सरकले. भाजलं नाही कुठे, पण ओट्यावरून कॉफीचा गाळ खाली ओघळत होता आणि दारात दादाची पावलं येऊन थांबली होती.

त्याने लिफ्ट तपासावी तसं ते यंत्र तपासलं. “जगाचं झाकण अर्धवट फिरलंय. ते पूर्ण बसलं तरच वरची झडप उघडते. नाहीतर पाणी टोपलीतच साठतं आणि बाहेर येतं.”

“पण दहा दिवस बसत होतं की!” मी म्हटलं.

आमच्या घरात खरं बोलायचं काम भाचीकडे आहे. ती म्हणाली, “आई बसवायची, आत्या. तू खटक्याकडे वळलीस की ती हळूच फिरवायची.”

म्हणजे दहा दिवस पेपर वहिनीने लिहिला होता आणि पास मी होत होते. दादाने कॅलेंडरवर पेन दोनदा सर्रकन ओढलं आणि म्हणाला, “तुझी वहिनी येऊ दे, तिच्यासमोर परत एकपासून.” महिना संपायला अठरा दिवस होते. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की वहिनी समोर असती तर काय बोलले असते कोण जाणे.

भाची ओटा पुसायला लागली. डबे हलवून फ्रिजवर ठेवता ठेवता म्हणाली, “शी, इथे किती गोल उमटलेत. आई हे कधी पुसत नाही वाटतं.”

“कसले गोल?”

“कपाचे.”

मी स्टूल घेतलं, वर चढले आणि फ्रिजवर हात फिरवला. एकात एक अडकलेले चिकट गोल होते, काही ताजे, काही पार वाळून खरखरीत झालेले. माझा हात तिथे आयुष्यात कधी गेला नव्हता.

“कोणाचा कप असतो इथे?”

“आईचा. गार होईपर्यंत इथेच असतो ना.”

“गार होईपर्यंत कशाला?”

मी थट्टा करतेय असं तिला वाटलं. “अगं, तुझा हात लागू नये म्हणून! मलाही लहानपणापासून तेच शिकवलंय. गरम वर, गार खाली.”

मी तशीच स्टुलावर उभी राहिले. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. लहान मुलीला शिकवण्याइतकं ते ठरून गेलेलं होतं. मला नव्हतं माहीत. सगळ्यांच्या घोटाचा आवाज मला पाठ आहे. दादाचा पाठ आहे, भाचीचा पाठ आहे, वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यांचासुद्धा पाठ आहे. वहिनीचा तेवढा नाही. तिला खाण्यापिण्याची शिस्तच फार, असं मी समजत होते. गार कॉफीला घोटाचा आवाज होत नाही, हे माझ्यासारख्या कानाच्या बाईला कळू नये? आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात. आमच्या घरी देवाने ते काम एकोणीस वर्षांपूर्वी वहिनीवर सोपवलेलं होतं, आणि मी तिलाच मांजर म्हणत होते.

वहिनी परत आली तोवर मी दोन दिवस मनातल्या मनात भांडण घोकून ठेवलं होतं.

“झाकण तू बसवायचीस?”

“हात जातो गं आपोआप,” ती म्हणाली. “मला कळतसुद्धा नाही. परवा जाताना बसमध्ये आठवलं आणि वाटलं, उतरून परत यावं.”

“आणि फ्रिजवरचा कप?”

“ते कोणी सांगितलं तुला?”

यापुढे मला बरंच काही बोलायचं होतं. माझ्यावर दया करायला कोणी सांगितलं होतं, वगैरे. पण “एकोणीस वर्षं?” एवढंच कसंबसं निघालं.

“रोज कुठे? सुट्टीच्या दिवशी तू नऊपर्यंत लोळत पडायचीस, तेव्हा प्यायचे की गरम.” ती हे समजूत घालायला बोलली, आणि मला त्यानेच रडू आलं. सुट्टीच्या दिवशी लवकर उठले असते तर तेही गेलं असतं.

मग मी डोळे पुसले आणि हुकूम सोडला. “उद्यापासून तू खुर्चीवर बसायचं. हात मांडीखाली.”

ती खरंच बसली. मी झाकणाशी झटत असले की तिची खुर्ची कुरकुरायची.

“वहिनी!”

“मी नाही, खुर्ची.”

पहिल्या दिवशी खटका दाबायच्या आधीच झाकण चार वेळा चुकलं, आणि चारही वेळा खुर्ची बोलली. पाचव्यांदा त्याच्या कडेवर एक बारीक उंचवटा अंगठ्याला लागला. तो जगाच्या कानाच्या रेषेत आला की झाकण पक्कं बसतं. दुकानात एवढं सगळं चाचपलं आणि नेमकं हेच राहिलं होतं. काखेत कळसा, दुसरं काय. त्यानंतर झाकण चुकलं नाही. मी कप भरून वहिनीच्या हातात द्यायची, आणि आता फ्रिजवर होणारं ‘टक्’ मला रोज ऐकू यायला लागलं. खाली ठेव, इथेच पी, असं मी कितीदा सांगितलं. “सवय गं,” ती म्हणायची. “या घरात नाही जमायचं मला.”

पंधराव्या सकाळी दादाने कॉफी संपवली, शेवटची खूण केली आणि म्हणाला, “चालू द्या.” मग तो बुटाच्या नाड्या बांधायला खाली वाकला आणि बराच वेळ बांधतच राहिला. ठरल्याप्रमाणे सामान त्यानेच उचललं.

नव्या घरातल्या पहिल्या सुट्टीला वहिनी एकटीच आली. मी दार आतून उघडलं, माझ्या हाताने. तिने दोन्ही खोल्यांतून एक फेरी मारली, खिडकीची कडी ओढून बघितली, नळ घट्ट केला. मी तिला टेबलाशी बसवलं आणि गाळणीला फुंकर मारली. दोन कप, दोन चमचे, अंगठ्याखाली उंचवटा, खटका. यंत्र गुणगुणलं, बोललं, खाकरलं आणि थांबलं. मी दोन कप भरले. एक माझ्या जागेवर ठेवला आणि दुसरा तिच्यापुढे.

“चारवर ठेवलाय,” मी म्हटलं.

तिने कप उचलला. खुर्ची मागे सरकली. दोन पावलं फ्रिजकडे गेली आणि तिथेच थांबली, कारण माझा फ्रिज कमरेएवढाच आहे.

“ठेवू कुठे?” तिने विचारलं.

“ठेवायचा नाही. प्यायचा.”

“अगं, तुझा हात...”

“हे बघ माझे हात.” मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसले. “आता बस आणि ऐक. त्या दिवशी कप तू नीटच ठेवला होतास. मीच हात उडवले होते. दादा तुझ्यावर ओरडला तेव्हा मी बोलायला हवं होतं, तर मी गप्प बसले. आठ दिवसांची नवी होतीस तू. तेव्हापासून तू माझं जे केलंस ना, त्याचे आभार मी कधी मानले नाहीत, कारण ते मला कळलंच नाही. आता कळलंय.”

ती येऊन बसली. खाली रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर वर ढकललं. मी वाट बघत राहिले.

मग मला तो ऐकू आला. आधी फुंकर, मग एक बारीक, चोरटा फुर्र, आणि लगेच दुसरा, जरा धीट आणि लांब. थेट भाचीसारखा. किंवा भाचीचाच तिच्यासारखा.

“भाजली गं जीभ,” वहिनी म्हणाली. ती हसत होती आणि नाक ओढत होती, दोन्ही एकदम.

“सावकाश पी. कोणी घेऊन जात नाही.”

तिने आणखी एक घोट घेतला. मग आणखी एक. मी ऐकत होते.

“काढ आता ते हात बाहेर,” ती म्हणाली. “तुझी गार होतेय.”

“होऊ दे,” मी म्हटलं.